सिकलसेलचा रेणू मोडका नाही

१९५६ साली एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन नोंदी छापून आल्या. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी निरोगी माणसाचे आणि सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन घेतले, ट्रिप्सिन घालून त्यांचे लहान लहान तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. दोन्हीकडचे ठिपके जुळले, फक्त एकाची जागा सरकलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी त्या ठिपक्याचा छडा लावला: बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असायला हवे तिथे व्हॅलिन होते. दुसरी नोंद ‘करंट सायन्स’ या आपल्याकडच्या नियतकालिकात आली. सुकुमारन, संघवी आणि व्यास यांना पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींच्या रक्तात सिकलसेलचा गुण आढळला होता. पुढच्या अर्धशतकात या दुसऱ्या वाटेने बरेच जण चालले. पुण्याच्या एस. एल. काटे यांनी लिंगोजवार यांच्यासह २००२ साली महाराष्ट्राचे जे चित्र मांडले, त्यात भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओटकर या जमातींमध्ये हा गुण २० ते ३५ टक्के लोकांत असल्याचे दिसते. सर्वाधिक रुग्ण असलेल्या सहा जिल्ह्यांत विदर्भातले पाच आहेत आणि सहावा आहे नंदुरबार, जो १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे खानदेशाच्या उत्तर कडेने, अक्कलकुवा-धडगावपासून शिरपूर, चोपडा, यावलपर्यंत पसरलेल्या सातपुड्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना इन्ग्रॅम यांचा तो सरकलेला ठिपका परका नाही.

या आजाराची पाठ्यपुस्तकी ओळख सगळ्यांना माहीत आहे. एक अमिनो आम्ल चुकले, त्यामुळे हिमोग्लोबिन बिघडले, त्यामुळे लाल पेशी विळ्यासारखी वाकडी झाली. यातले पहिले आणि तिसरे वाक्य बरोबर आहे. मधले मात्र तपासून घ्यावे लागते, कारण या रेणूचा इतिहास नीट वाचला तर बिघाड कुठे आहे ते चटकन सापडत नाही. सिकलसेलचे हिमोग्लोबिन नीट घडी पडलेले, जवळजवळ शंभर टक्के कामसू प्रथिन आहे. ते ऑक्सिजन घेते, सोडते, पुन्हा घेते. आजार उद्भवतो तो श्वासोच्छ्वासाच्या फेऱ्यात त्याला जो आकार घ्यावाच लागतो त्या आकारातून. याचा पहिला पुरावा फार जुना आहे आणि त्याचे महत्त्व पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली विळ्यासारख्या पेशींचे पहिले वर्णन छापले. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवून दिले की ऑक्सिजन काढून घेतला की पेशी वाकड्या होतात आणि परत दिला की बहुतेक पेशी पूर्ववत गोल होतात. घडी मोडलेल्या प्रथिनाचे असे होत नाही. उकडलेले अंडे गार केले म्हणून कच्चे होत नाही. जे इतक्या सहज परत येते त्याला मोडके म्हणणे अवघड आहे.

तरीही मोडकेपणाची कल्पना रुजली आणि तिला कारणही तसेच थोर मिळाले. लायनस पॉलिंग यांनी १९४५ मध्ये एका वैद्यकीय समितीच्या निमित्ताने विल्यम कॅसल यांच्याकडून या पेशींची हकीकत ऐकली. इटानो, सिंगर आणि वेल्स यांच्यासह त्यांनी १९४९ मध्ये ‘सायन्स’मध्ये जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच सिकलसेलला रेणूचा आजार म्हटले होते. विद्युतक्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिने वेगवेगळ्या वेगाने सरकतात, दोन ते चार विद्युतभारांचा फरक असावा, एवढे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. मग रोग विद्युतभाराचाच असणार, असा आक्षेप इथे कोणी घेईल. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, व्हॅलिनवर नसतो. आकाराचा प्रश्न येतोच कुठे? याचे उत्तर निसर्गानेच दिले होते. १९५० मध्ये इटानो आणि नील यांना हिमोग्लोबिन ‘सी’ सापडले, आणि हंट आणि इन्ग्रॅम यांनी १९५८ मध्ये दाखवले की त्यातही बदल अगदी त्याच सहाव्या जागेवर आहे. फक्त तिथे व्हॅलिनऐवजी लायसिन आहे. लायसिनवर धनभार असतो. म्हणजे भारातला फरक सिकलसेलपेक्षा दुप्पट. भारच दोषी असता तर ‘सी’चे दोन जनुक घेऊन जन्मलेले मूल ‘एस’वाल्या, म्हणजे सिकलसेलच्या, मुलापेक्षा जास्त आजारी पडायला हवे होते. प्रत्यक्षात त्याचा पंडुरोग सौम्य असतो आणि पेशी विळ्यासारख्या होत नाहीत. पॉलिंग यांना फरक भारावरून ओळखता आला, इतकेच. रोगाचे कारण त्या भारात नव्हते.

मग आकाराकडे वळावे लागते, आणि ती कथा प्रागमधल्या एका शास्त्रज्ञापासून सुरू होते. १९३८ साली फेलिक्स हौरोवित्झ सूक्ष्मदर्शकाखाली घोड्याच्या ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे स्फटिक पाहत होते. काचेच्या कडेने हवा आत शिरली तसे ते स्फटिक मोडले आणि त्यांच्या जागी वेगळ्याच आकाराचे स्फटिक उगवू लागले. म्हणजे ऑक्सिजन चिकटला की आख्खा रेणू आपली ठेवण बदलतो. मॅक्स पेरुत्झ यांनी १९३७ मध्ये हिमोग्लोबिनवर काम सुरू केले होते. त्यांना पाऱ्याचे अणू रेणूला चिकटवून क्ष-किरणांचे गणित सोडवण्याची युक्ती १९५३ मध्ये सापडली, १९६० पर्यंत ढोबळ आकार दिसला, १९६२ मध्ये नोबेल मिळाले आणि १९७० मध्ये यंत्रणा उलगडली. चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा, मिळून ५७४ अमिनो आम्ले. साखळ्यांच्या दोन जोड्या. ऑक्सिजन आला की एक जोडी दुसरीच्या तुलनेत सुमारे पंधरा अंशांनी फिरते. त्याच सुमारास मद्रासला जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये प्रथिनाच्या कण्याला कोणत्या कोनांत वळता येते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात याचा नकाशा मांडला. त्या दृष्टीने पाहिले तर सहावी जागा फारच निरुपद्रवी आहे. ती साखळीच्या पहिल्या मळसूत्राच्या तोंडाशी, रेणूच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या बाजूला आहे. ग्लुटामिक आम्ल असो वा व्हॅलिन, कणा तसाच वळतो. आतली घडी हलत नाही.

बाहेरचा बदल आणि आतला बदल यांत केवढे अंतर आहे हे ज्या माणसाने पेरुत्झ यांच्याबरोबर दाखवले, त्याचा भारताशी संबंध होता. हर्मन लेहमन हे हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले डॉक्टर. महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातून ते भारतात होते. १९५२ मध्ये त्यांनी आणि मारी कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेलचा गुण असल्याचे प्रसिद्ध केले, आणि हा आजार केवळ आफ्रिकी वंशाचा आहे ही समजूत तिथे कोलमडली. सोळा वर्षांनी, १९६८ मध्ये, पेरुत्झ आणि लेहमन यांनी तोवर सापडलेली सगळी विचित्र हिमोग्लोबिने पेरुत्झ यांच्या प्रतिकृतीवर एकेक करून बसवून पाहिली. निष्कर्ष स्वच्छ होता. पृष्ठभागावरचे बहुतेक बदल शरीराला खपतात. आतल्या, तेलकट गाभ्यातल्या किंवा लोह धरून ठेवणाऱ्या कप्प्याजवळच्या बदलांनी मात्र रेणू खरोखर डळमळीत होतो. हिमोग्लोबिन ‘कोल्न’ घ्या: बीटा साखळीत ९८ व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन. हा रेणू थोड्या उष्णतेने फाटतो आणि पेशीत गाठी करून बसतो. मोडके हिमोग्लोबिन कसे असते हे पाहायचे असेल तर इथे पाहावे. त्याची चाचणीही तशीच: पन्नास अंशांना तापवा आणि गाळ बसतो का बघा. सिकलसेल त्या यादीत बसत नाही. लेहमन यांनी ज्या रोगासाठी निलगिरी गाठली, तो त्यांच्याच नियमाला ठळक अपवाद होता. बदल बाहेरच्या अंगाचा आणि आजार मात्र प्राणघातक.

अपवादाचे स्पष्टीकरण १९७५ मध्ये आले. विशनर, वॉर्ड, लॅटमन आणि लव्ह यांनी ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिनच्या स्फटिकाची रचना काढली. ऑक्सिजन सोडल्यावर रेणू ज्या आकारात येतो, त्या आकारात शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर, ८५ व्या जागेचे फिनाइलअॅलॅनिन आणि ८८ व्या जागेचे ल्युसिन यांच्यामध्ये, पाणी टाळणारी एक छोटी खोबण असते. ती निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनमध्येही असते. तिथे तिच्यात बसायला कोणी नसते. सहाव्या जागेचे व्हॅलिन तिच्यात नेमके बसते. एक रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, अशी दुपदरी माळ होते, आणि अशा सात माळा एकमेकींभोवती पिळल्या की चौदा पदरांचा धागा तयार होतो. धाग्यांनी पेशी भरली की तिला गोल राहता येत नाही. ऑक्सिजन परत आला, जोडी पंधरा अंश फिरली, की त्या ठेवणीचे रेणू धाग्यात सामावत नाहीत आणि धागा विरघळतो. म्हणून हान आणि गिलेस्पींच्या पेशी पूर्ववत होत होत्या. एकेका रेणूची स्थिरता शाबूत आहे. गडबड झाली आहे ती रेणूंच्या परस्परांशी जुळण्यात.

पण एवढ्याने आकाराची गोष्ट पुरी होत नाही, कारण पेरुत्झ यांच्या प्रतिकृतीत एक अवघड जागा होती. त्यांनी आणि मॅथ्यूज यांनी १९६६ मध्ये लक्षात आणून दिले की स्थिर चित्रात ऑक्सिजनला लोहापर्यंत जायला वाटच नाही. कप्पा बंद आहे. तरी आपण श्वास घेतो. याचा अर्थ रेणू सतत थरथरत असला पाहिजे आणि त्या थरथरीत क्षणभर फट पडत असली पाहिजे. हान्स फ्राउएनफेल्डर यांच्या इलिनॉयमधल्या गटाने १९७५ मध्ये मायोग्लोबिन अतिशय थंड करून, प्रकाशाच्या झोताने त्यातला वायू सोडवून, दाखवले की एकाच प्रथिनाची एकच घडी नसते. किंचित वेगवेगळ्या अशा असंख्य घड्यांमध्ये ते फिरत असते. १९७७ मध्ये मॅककॅमन, जेलिन आणि कार्प्लस यांनी ५८ अमिनो आम्लांच्या एका छोट्या प्रथिनाची हालचाल संगणकावर सुमारे ९ पिकोसेकंद चालवून पाहिली आणि घट्ट वाटणारा गाभाही द्रवासारखा हलतो हे दिसले. मग असे थरथरणारे काही टिकते कसे? लांदाऊ आणि पायर्ल्स यांनी फार पूर्वी दाखवले होते की अणूंची नुसती रांग किंवा नुसता पापुद्रा मोठा होत गेला तर उष्णतेची मंद, लांब पल्ल्याची कंपने साचत जाऊन त्याची शिस्त मोडते. तीन दिशांनी भरीव रचना मात्र तग धरते. प्रथिन पूर्ण भरीव नसते आणि नुसता पापुद्राही नसते. रूवेनी, ग्रानेक आणि क्लाफ्टर यांनी २००८ मध्ये अनेक प्रथिनांची भूमिती आणि कंपने मोजून असे सुचवले की रेणूचा भरीवपणा, कंपनांची वाटणी आणि अमिनो आम्लांची संख्या यांचा मेळ असा बसलेला असतो की प्रथिन कोसळण्याच्या उंबरठ्याजवळच उभे असते. त्यापेक्षा कडक झाले तर काम करता येणार नाही, त्यापेक्षा सैल झाले तर घडी सुटेल. हिमोग्लोबिन एका ५७४ दुव्यांच्या साखळीऐवजी चार आखूड साखळ्यांचे का, याचे उत्तर इथे शोधण्याचा मोह होतो. तो मोहच आहे, मी त्याला पुराव्याचा दर्जा देत नाही. मुद्दा एवढाच की हलणे ही प्रथिनाची उणीव नाही, आणि ऑक्सिजन सोडताना आकार बदलणे हे तर हिमोग्लोबिनचे कामच आहे. सिकलसेलचा विळा त्या कामाच्या वाटेवर बसलेला आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप १९७४ सालचा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. तोशिओ असाकुरा आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनयुक्त सिकल हिमोग्लोबिन नळीत घालून जोराने हलवले, तर ते सामान्य हिमोग्लोबिनच्या कितीतरी आधी गाळ होऊन खाली बसले. इथे ना ऑक्सिजनची कमतरता आहे, ना धागे आहेत. म्हणजे हा रेणू एकटाही थोडा कमजोर आहे. हे मान्य करायला हवे. पण नळी हलवताना द्रव आणि हवा यांचा जो पृष्ठभाग पुन्हापुन्हा ताणला जातो, तिथे हे फाटणे होते. रक्तवाहिनीत तसा पृष्ठभाग नसतो. शिवाय हा गाळ परत विरघळत नाही, तर रुग्णाच्या पेशी फुप्फुसात पोचल्या की पुष्कळशा सरळ होतात. पेशींचे आयुष्य कमी होण्यात या कमजोरीचा वाटा असेल. रुग्णाच्या सांध्यांत आणि छातीत उठणाऱ्या असह्य कळांचा उगम मात्र तिच्यात नाही.

तो उगम वेळेच्या हिशेबात आहे, आणि खानदेशाला सर्वांत जवळचा पुरावा मला हाच वाटतो. हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ मध्येच पाहिले की ऑक्सिजन काढल्याबरोबर धागे होत नाहीत. आधी काही काळ काहीच घडत नाही, मग एकदम सगळे गोठते. हा थांबण्याचा काळ हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो, आणि तो किती, तर दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घातावर. लाल पेशीत शंभर मिलिलिटरमागे साधारण ३३ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिन मात्र शरीराच्या तापमानाला १६-१७ ग्रॅमच्या आसपासच विरघळते. म्हणजे पेशी कायमच धोक्याच्या रेषेपलीकडे असते, आणि तिला वाचवतो तो केवळ थांबण्याचा काळ. बारीक केशवाहिनीतून जायला पेशीला एखादा सेकंद लागतो. तेवढ्यात ती निसटून फुप्फुसांकडे निघाली तर रेणू पुन्हा ऑक्सिजनच्या आकारात येतात. आता तिसाव्या घाताचा अर्थ बघा. पेशीतले थोडेसे पाणी गेले, दाटपणा तीन टक्क्यांनी वाढला, तरी थांबण्याचा काळ निम्म्याहून कमी होतो. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. सिकलसेलच्या रुग्णाच्या मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद लहानपणीच कमी झालेली असते, त्यामुळे घाम गाळूनही त्याची लघवी पातळच राहते. दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या नंदुरबारच्या टोळीतला असा तरुण दुपारभर पाणी न पिता राबतो तेव्हा त्याच्या रेणूत काहीही नवे बिघडत नाही. फक्त थांबण्याच्या काळाची सवलत निम्मी होते. भरपूर पाणी प्या, हा आरोग्य केंद्रातला सल्ला ऐकायला साधा वाटतो. त्यामागे तिसावा घात आहे.

यालाही एक खोच आहे. मकिओ मुरायामा यांनी १९५०च्या दशकात दाखवले होते की सिकल हिमोग्लोबिनचा गोठलेला लगदा गार केला की पातळ होतो, तापवला की पुन्हा गोठतो. पाणी टाळणाऱ्या खोबणीतली पकड उष्णतेने घट्ट होते, थंडीने सैल, म्हणून असे होते. मग रुग्णांच्या कळा हिवाळ्यात का उठतात? नुसती रेणूची भूमिती पाहिली तर डिसेंबर-जानेवारीतल्या सातपुड्याच्या कडाक्यात रुग्णांना आराम मिळायला हवा. तसे होत नाही, कारण थंडीत हातापायांच्या वाहिन्या आकसतात, रक्त रेंगाळते आणि पेशीचा एक सेकंद लांबतो. रेणू थंडीत सैल होतो, शरीर मात्र त्याला जास्त वेळ अडकवून ठेवते. तेव्हा आकारानेच सगळे ठरते असे मी म्हणत नाही. आकार काय शक्य आहे ते ठरवतो. ते घडते का, हे पाणी, वेळ, ऑक्सिजन आणि सोबतचे इतर रेणू ठरवतात.

सोबतच्या रेणूंचे महत्त्व पहिल्यांदा एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या ध्यानात आले. ब्रुकलिनच्या जेनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये पाहिले की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत, आणि त्याचे श्रेय त्यांनी गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनला दिले. त्याच्या गॅमा साखळ्या धाग्यात सामील होत नाहीत, त्या माळ तोडतात. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भारत आणि पूर्व अरबस्तानातला सिकल जनुक आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळ्या जनुकीय पार्श्वभूमीवर बसलेला आहे. या पार्श्वभूमीचे रुग्ण मोठेपणीही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बऱ्यापैकी टिकवतात, बहुधा १५ ते २० टक्के. त्यावरून आपल्याकडचा सिकलसेल सौम्य अशी समजूत पसरली. नागपूरच्या बालरोग विभागांतून आलेल्या नोंदींनी तिला तडा दिला आहे, आणि डोंगरातून रुग्णालयापर्यंत न पोचलेली मुले कुठल्याच नोंदीत येत नाहीत, हेही विसरता येत नाही. जनुक इतका पसरला कसा, याचे उत्तर अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिले: एकच जनुक असलेल्या वाहकाला घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. सातपुड्याच्या पायथ्याचे जंगल पिढ्यान् पिढ्या तापाचे म्हणून ओळखले जात होते. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून अधिक साधे हिमोग्लोबिन असते, ते माळेत नीट बसत नाही, म्हणून एरवी त्याला काही होत नाही. खोबण, व्हॅलिन आणि थांबण्याचा काळ हीच त्रयी एका भावाला वाचवते आणि दुसऱ्याला आजारी पाडते.

आकाराचा सिद्धांत खरा असेल तर आकार थोपवून रोग थांबायला हवा, असे कोणीही म्हणेल, आणि औषधवाल्यांनी ते करून पाहिले. व्हॉक्सेलोटर हे औषध रेणूला ऑक्सिजनच्या ठेवणीत धरून ठेवते. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला परवानगी मिळाली, रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ते जगभरातून मागे घेतले, कारण एकूण माहितीत कळांचे आणि मृत्यूंचे पारडे उलट्या बाजूला झुकलेले दिसले. यामागची सगळी कारणे उलगडलेली नाहीत. माझ्या मते मात्र यात सिद्धांताचा पराभव नाही. जो रेणू ऑक्सिजन सोडायला आकार बदलतो त्याला आकार बदलू दिला नाही तर धागा थांबेल, पण काही अंशी ऑक्सिजनही अडेल. हायड्रॉक्सीयुरिया हे स्वस्त आणि जुने औषध रेणूला हात लावत नाही. ते गॅमा साखळ्या वाढवते, पेशीतला दाटपणा कमी करते. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीत त्याने कळा निम्म्याच्या आसपास आणल्या आणि आजही धुळ्याच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला देता येण्याजोगे तेच आहे. २०२३ अखेर मंजूर झालेली जनुक-दुरुस्तीही त्याच मार्गाने जाते: ती सहावी जागा बदलत नाही, गॅमा साखळ्या पुन्हा चालू करते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल इथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरवले आहे. गावात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पहिली जी चाचणी होते ती विद्राव्यतेची. नळीतल्या औषधाने ऑक्सिजन निघून जातो, रेणू आपली ठेवण बदलतात, आणि ‘एस’ असेल तर द्रव इतका गढूळ होतो की मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. १९७५ च्या त्या खोबणीचीच ही चाचणी, फक्त स्फटिकाशिवाय. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी रक्त पुढे पाठवून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावे लागते, म्हणजे पॉलिंग यांच्यासारखेच भारावरून वेगळे काढावे लागते. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर पहिली चाचणी भरवशाची नसतेच, कारण गॅमा साखळ्या नळीतही माळ तोडतात आणि द्रव स्वच्छ राहतो. त्यामुळे अशा बाळाचे रक्त पहिल्यापासूनच एचपीएलसीला जायला हवे. डोंगरावरच्या पाड्यातून ते गेले नाही, तर आठव्या-नवव्या महिन्यात त्याचे हातपाय सुजतात तेव्हाच घरच्यांना काय झाले आहे ते कळते.